परस्पर-निगा (सस्तन प्राण्यांतील)

कळपाने राहणाऱ्या सस्तन प्राण्यांनी एकमेकांचे केस विंचरणे, अंग चाटणे, खाजवणे आणि कातडीवरच्या उवा, लिखा, गोचीड व कोंडा काढणे. गायी-म्हशी स्वतःची जीभ पोचत नाही अशी मान-डोके दुसरीकडून चाटून घेतात. घोडे एकमेकांच्या आयाळीच्या मुळाशी दातांनी खाजवतात आणि तेवढ्या वेळात त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. माकडांत हे काम हातांनी होत असल्याने ते सर्वांत बारकाईने होते.

गोव्यात पेडणे, डिचोली भागातील काजू-नारळाच्या बागांत दोन जाती आढळतात : फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात सापडणारे, डोक्यावर टोपीसारखे केस असलेले माकड (मॅकाका रेडिएटा) आणि काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर. बागायतदाराच्या शिव्या दोघांच्याही वाट्याला येतात. दुपारच्या विसाव्यात मात्र दोन्ही टोळ्या निगा राखण्यात गुंततात. निगा करून घेणारे माकड कुशीवर लवंडते किंवा हात वर करून काख पुढे करते. दुसरे एका हाताने केस उलटे फिरवून कातडी उघडी करते, दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीने कण चिमटते आणि तोंडात टाकते. माकडे घामाचे मीठ खातात, हा समज पक्का रुजलेला आहे. पण जपानी माकडांवरील १९९३ च्या अभ्यासात उचललेल्या बहुतेक वस्तू लिखा निघाल्या.

कोण कोणाच्या उवा काढते, यावरून टोळीतील मानपान कळतो. टोपीसारखे केस असलेल्या माकडांच्या माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात, नर बहुधा वयात आल्यावर बाहेर पडतात. त्यामुळे टोळीचा कणा माद्यांचा असतो आणि लेकीचा दर्जा आईवरून ठरतो. दक्षिण भारतातील या माकडांवर संशोधक अनिंद्य सिन्हा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण मुळातून पाहण्याजोगे आहे. दोन माद्या उवा काढत बसल्या असता दोघींहून वरचढ तिसरी जवळ आली, की बहुधा दोघींतील खालच्या दर्जाची उठून जाते. म्हणजे आपल्यावर कोण, एवढेच नव्हे, तर शेजारणीच्या तुलनेत आपली जागा कोणती, हेही तिला ठाऊक असते. या जातीचे प्रौढ नरही एकमेकांना बिलगून बसतात व निगा राखतात. माकडांच्या इतर अनेक जातींत एवढे सख्य दिसत नाही. 

मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९६ च्या ग्रंथात मांडले, की टोळी मोठी झाली तशी निगेला वेळ पुरेना आणि तिची जागा माणसात गप्पांनी घेतली. कल्पना आकर्षक असल्याने ती गरजेपेक्षा जास्त पसरली. पुढील तुलनांत निगेचा वेळ टोळीच्या आकारापेक्षा जमिनीवर वावरण्याशी अधिक जुळलेला आढळला, आणि जमिनीवर गोचीड जास्त. आफ्रिकेतील बबून माकडांतही ज्यांची निगा अधिक, त्यांच्या अंगावर गोचीड कमी भरले. सलोखा आणि सफाई यांपैकी एकच कारण निवडण्याचा अट्टाहास म्हणूनच अनाठायी वाटतो.

पेडणे-डिचोलीच्या भागात गोचिडाला वेगळेही महत्त्व आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पसरला. हे दोन्ही तालुके डिचोलीला लागून आहेत. त्याचा विषाणू गोचिडांतून माकडांत व माणसांत पसरतो. त्यांची अपक्व पिल्ले तिळाहून बारीक असतात आणि कितीही निगा राखली तरी काही सुटतातच. या तापाने माकड मेले, की ती थंड पडलेले अंग सोडून आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. तापाच्या हंगामातच, साधारण डिसेंबर ते मे, माणसे काजू वेचायला व लाकूडफाटा आणायला रानात जातात. म्हणून मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवावे लागते.