हाकेच्या अंतराचा इतिहास

बाळंतपणाच्या सोयींचा इतिहास आपण बहुधा दवाखान्यांच्या उद्घाटनांवरून मोजतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांत तो अंतरावरून मोजावा लागतो. सुरगाणा १९४८पर्यंत स्वतंत्र संस्थान होते, आणि तिथून नाशिक आजही नव्वदेक किलोमीटरवर, घाटापलीकडे आहे. इथल्या कोकणा, महादेव कोळी, वारली बायकांची बाळंतपणे पिढ्यान्‌पिढ्या पाड्यावरच्या सुईणीने केली. कळा सुरू झाल्या की ती यायची, वार पडेपर्यंत उठायची नाही, आणि पुढे काही दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. तिच्यापाशी अनुभव होता, पण खरी ताकद होती ती हाकेला ओ देण्याइतके जवळ असण्याची.

सरकारदरबारी मात्र ती आधी बाळंतपणातल्या मृत्यूंची आरोपी म्हणूनच आली. १८८५च्या डफरिन फंडाने स्त्री-डॉक्टर आणि जनाना दवाखाने उभे केले, १९०३च्या व्हिक्टोरिया फंडाने सुइणींना शिकवायचे ठरवले. पण हा सारा खटाटोप शहरांभोवती फिरत राहिला. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने देशात दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावतात असा अंदाज मांडला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना दिली. पुढे आदिवासी, डोंगरी भागासाठी वीस हजार लोकसंख्येला एक केंद्र आणि तीन हजारांना एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले. कागदावर ते उदार दिसते. पण डोंगरात तीन हजार लोक म्हणजे ओढ्यांनी तुटलेले कितीतरी पाडे, आणि रात्री उपकेंद्राला कुलूप असेल तर ते प्रमाण शून्यच.

१९७७च्या ग्रामीण आरोग्य योजनेने दर हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित दाई हवी असे म्हटले. निर्जंतुक ब्लेड, स्वच्छ दोरा, हात धुण्याची सवय यांनी नवजात बाळांचा धनुर्वात रोखता येतो, यात शंका नाही. पण नव्वदच्या दशकात जगभरच धोरण उलटले: दाईला शिकवून मातामृत्यू पुरेसे घटत नाहीत, म्हणून कुशल परिचारिका आणि दवाखाना हवा. सुईणीची बाजू घेणे म्हणजे जुन्याचे गोडवे गाणे, हा आक्षेप इथेच येतो, आणि तो निम्मा खरा आहे. अडलेले मूल, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, झटके यांपुढे सुईणीचे हात बांधलेलेच होते. तिथे रक्त आणि शस्त्रक्रियाच लागते. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. सुईण बाजूला सारताना तिचे जवळ असणेही गेले, आणि ती जागा कोणी घ्यायची हे ठरायला फार वेळ लागला. बऱ्याच अंशी ती २००५नंतर आशाताईंनी घेतली, पण आशाताईचे काम सोबत नेण्याचे, बाळंतपण करण्याचे नव्हे.

२००५ सालीच आलेल्या जननी सुरक्षा योजनेने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पात्र बायकांना दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये दिले. राज्यात दवाखान्यातली बाळंतपणे २००५-०६ मधील ६५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ९५ टक्क्यांच्या घरात गेली; मातामृत्यूचे प्रमाण २००१-०३ मध्ये लाखामागे १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. मग आता काय उरले, असे कोणी विचारील. हे यश मोठे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ही राज्याची सरासरी आहे. तीत मुंबई-पुणे आहे, आणि भर पावसात झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावी लागणारी बाईही तीतच आहे. १०८ची गाडी २०१४ पासून राज्यात धावते. जिथे रस्ताच संपतो तिथे तीही थांबते.

म्हणूनच मला माहेरघर योजना सर्वांत विचारी वाटते. दिवस भरत आलेल्या बाईने काही दिवस आधीच आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहायचे: अंतर कळांच्या आधीच पार करायचे. नावही नेमके. पण माहेरी जायला घर सोडावे लागते, आणि पेठ-सुरगाण्याची घरे हंगामात आधीच सुटलेली असतात. द्राक्षाच्या छाटणीला आणि खुड्याला दिंडोरी-निफाडच्या बागांवर जोडप्याने मजुरीला जाणाऱ्या गरोदर बाईची नोंद एका उपकेंद्रात असते, आणि कळा सुरू होतात दुसऱ्याच तालुक्यातल्या बागेवरच्या झोपडीत.