पास कुणाला परवडतो?

आम्हां धार-देवासच्या मराठी घरांत रेल्वेच्या पासाचा हिशेब फार उशिरा शिरला. १८७०च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. रूळ महूवरून इंदूरला पोहोचले. पवारांची धार आणि देवास ही संस्थानं बाजूला राहिली. १९२१मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे नोकरीला आला, तेव्हाही गावात गाडी येत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर इंदूर–देवास–उज्जैन मार्ग झाला आणि देवासकर पासधारक झाले. माझं मत स्पष्ट आहे: रोज इंदूरला जाणाऱ्याने त्रैमासिक पासच काढावा. त्याला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे दहावा हिस्सा वाचतो. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला साधं तिकीटच बरं.

धारला मात्र आधी रूळ हवे होते. दाहोद–इंदूर मार्गाची कोनशिला ८ फेब्रुवारी २००८ रोजी बसली आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. धारच्या मुलांनी पासावर इंदूरच्या कॉलेजात जावं, हा त्यांचा हक्कच आहे.