सिग्नल तुटला तर?

झुंजणाऱ्या रोबोंचा इतिहास मी इंजिनिअरच्या नजरेने वाचते, तेव्हा करवती-हातोड्यांआधी रेडिओ दिसतो. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्लाने तारेविना छोटी बोट चालवून दाखवली. १९३९-४० मध्ये फिनलंडविरुद्ध सोव्हिएत सैन्याने माणसाविना चालणारे टी-२६ रणगाडे उतरवले. त्यांचा चालक मागच्या रणगाड्यात बसे. पुढे हेच तंत्र खेळात आलं. रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवताना मार्क थॉर्प यांना कल्पना सुचली आणि १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोबॉट वॉर्स’ भरलं.

बंदिस्त आखाड्यात प्रेक्षकांना पारदर्शक भिंतीचा आडोसा देता येतो. खडबडीत, मोकळ्या मैदानावर अवजड यंत्रांचे संघ लढवायचे, तर सगळी भिस्त ‘फेलसेफ’वर: सिग्नल तुटताच चाकं आणि शस्त्र दोन्ही थांबली पाहिजेत, उतारावर ब्रेकही लागला पाहिजे.

सॉफ्टवेअर लिहितानाही मी आधी हेच तपासते, की बिघाड झाला तर काय होईल? मित्रमैत्रिणींनो, तुमची मुलं रोबो बनवत असतील, तर मैदानात नेण्याआधी त्याची चाकं जमिनीवरून उचलून धरणारा ठोकळा खाली ठेवा आणि चालू रोबोचा रिमोट मुद्दाम बंद करायला सांगा. चाकं थांबली, तरच पुढे जा.