कप्पी, नळी आणि वर्तुळ
देऊळघाटासारख्या गांवीं आग लागली म्हणजे पहिली धांव विहिरीकडे. कप्पी सात इंच व्यासाची असली, तर एका फेऱ्यांत बावीस इंच दोर वर येतो. हें स्थूल प्रमाण भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील 'लीलावती'त दिलें असून शेजारींच सूक्ष्मही दिलें आहे: १२५० ला ३९२७. दोहोंतील फरक हजार इंच व्यासावर अवघा सव्वा इंच! आगीपुढें वेळेवर मिळालेलें स्थूल उत्तरच श्रेयस्कर होय. बंबाच्या नळीचा व्यास दुप्पट केल्यास मुख चौपट होतें, एवढें ज्ञान तेथें पुरे.

१४ एप्रिल १९४४ रोजीं दुपारीं मुंबईच्या गोदींत 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटलें. पोटांत सुमारें १४०० टन स्फोटकें. जहाज बुडवावें कीं बाहेर न्यावें, हें ठरण्यापूर्वींच चार वाजून गेले आणि स्फोट झाला. नळ्या धरून उभे असलेले अनेक बंबवाले प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस भारतांत अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो.