विज्ञानाचे शब्द आणि अर्धापूरचा विद्यार्थी

विज्ञानलेखक आणि विज्ञानसंपादक नेमके काय करतात? शास्त्रज्ञांचे म्हणणे सोपे करून सांगतात, असे उत्तर आपण सहज देतो. मराठवाड्याचा इतिहास पाहिला, तर हे काम किती अवघड आहे ते कळते.

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. घरात मराठी, पण वरच्या वर्गांचे शिक्षण मुख्यतः उर्दूतून, अशी तेथील स्थिती होती. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग सुरू झाला आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक विज्ञान भारतीय भाषेतून शिकवण्याचा हा धाडसी प्रयोग होता. वहिदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावर १९२१ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. उर्दूत वनस्पतिशास्त्राला 'नबातियात' म्हणतात आणि प्रकाशसंश्लेषणाला 'जियाई तालीफ'. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला मात्र हे शब्द इंग्रजीइतकेच परके होते.

मराठीत हे काम आधीपासून चालू होते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये मुंबईत 'दिग्दर्शन' मासिक काढले. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' निघाले. १९४८ नंतर मराठवाड्यातील शिक्षण मराठीकडे वळले. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले व पुढे त्याचे परिभाषा कोश आले. 'जियाई तालीफ'च्या जागी 'प्रकाशसंश्लेषण' आले. अरबी-फारसीऐवजी संस्कृत, एवढा बदल झाला; पण मुलाला अर्थ उमगला का?

संपादकाचे काम येथे सुरू होते. अर्धापूरचा परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. पिकलेल्या केळ्याजवळ ठेवलेली कच्ची केळी लवकर पिकतात, हे तेथील मुलाला ठाऊक असते. असे का होते, हे आधी विचारावे. पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात, हे आर. गेन यांनी १९३४ मध्ये दाखवले, हे नंतर सांगावे. 'वनस्पती संप्रेरक' हा शब्द सर्वांत शेवटी द्यावा. तोवर त्याची गरज मुलालाच भासू लागलेली असते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना विषयाचे ज्ञान हवे, भाषा हवी आणि वाचक कोठे अडतो हे पाहण्याची सवयही हवी. त्यासाठी पाठ्यपुस्तकातील एक व्याख्या चार वाक्यांत लिहून सहावीतील मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. जेथे तो थांबेल, तेथे खूण करा आणि ते वाक्य पुन्हा लिहा.