हुकुमदार आणि परवल

पाथरीत माझ्या पुतण्याचं कर सल्लागाराचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. परभणीत दुसरं ऑफिस उघडलं आणि दोन्हीकडून एकाच टॅलीवर काम करायची गरज पडली, तेव्हा व्हीपीएनचा, म्हणजे दोन्ही ऑफिसांना खाजगी बोगद्याने जोडणारा, राउटर निवडून द्यायला मी पाथरीला गेलो. जुनी पेटी उघडून पाहतो तर बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड तसाच: नाव अ‍ॅडमिन, शब्दही अ‍ॅडमिन. "आधी परवलीचा शब्द बदल," मी म्हणालो. "कामून काका? चालू हाय की," तो म्हणाला. त्याच्या टेबलावर वर्तमानपत्राची घडी पडली होती आणि वरच्या मथळ्यात कुणा कैद्याला पॅरोल मिळाल्याची बातमी होती.

परवल. पॅरोल. दोन्ही शब्द मी आयुष्यभर वापरत आलो, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. राउटर बाजूला राहिला आणि मी या शब्दांच्या मागे लागलो.

फायरवॉलची कुळी सगळ्यांना ठाऊक आहे: इमारतीत आग पसरू नये म्हणून बांधलेली भिंत, मग इंजिन आणि माणूस यांच्यामधला पत्रा, आणि 1988च्या मॉरिस वर्मने इंटरनेट हादरवल्यानंतरच्या वर्षांत संगणकाच्या जाळ्याची राखण. राउटर म्हणजे वाट दाखवणारा. इथवर काही वाद नाही. वाद आहे तो परवलीवरून, आणि माझ्या मते या पेटीचा जीव तिथेच आहे.

पॅरोलचं मूळ सरळ आहे. युद्धकैदी 'पुन्हा शस्त्र धरणार नाही' असा शब्द द्यायचा आणि त्या शब्दावर सुटायचा. फ्रेंचमध्ये पारोल म्हणजे शब्द, वचन. त्याच्या मागे लॅटिन पाराबोला आणि त्याही मागे ग्रीक पाराबोले, ज्याचा मूळ अर्थ 'शेजारी ठेवणं'. इंग्रजी फौजेत याच पॅरोलचा दुसरा अर्थ रुजला: पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना रोज दिला जाणारा गुप्त शब्द. आपली परवल या दुसऱ्या अर्थाची लेक आहे, असं माझं म्हणणं. म्हणजे एकच शब्द मराठीत दोनदा आला, आधी छावणीतून आणि मग तुरुंगातून, आणि दोन्ही वेळी वेगळे कपडे घालून.

याला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. पोर्तुगीजमध्ये शब्दाला पालाव्रा म्हणतात. पगार, चावी, पाव, बटाटा देणाऱ्या भाषेने परवलही दिली असेल, असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेता येत नाही. पालाव्रातले ल आणि र जागा बदलले की परवल जवळजवळ तयार होते, मधला व सुद्धा जागेवर सापडतो. अशी अदलाबदल आपल्या तोंडाला नवी नाही. नुकसानचं नुसकान आपणच करतो. आणखी गंमत म्हणजे पालाव्रा हीच मुळात पाराबोलामधल्या र-ल ची अदलाबदल होऊन बनली आहे. मराठीने ती गाठ पुन्हा सोडवली, असं म्हणता आलं असतं. मला हा तर्क इतका आवडला की एक पूर्ण संध्याकाळ मी त्याच्याच बाजूने होतो.

पण तो अडतो कुठे? पोर्तुगीज शिपाई पहाऱ्याच्या शब्दाला पालाव्रा म्हणत नाही, सेन्या म्हणतो. दुकानातला शब्द दुकानातून येतो, पहाऱ्यावरचा शब्द पहाऱ्यावरूनच यायला हवा.

मग फ्रेंच? मार्च 1795 मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम भिडले, तेव्हा निजामाकडे रेमाँच्या पलटणी होत्या आणि शिंद्यांचे कंपू पेराँच्या हाताखाली होते. दोन्ही छावण्यांत फ्रेंच अंमलदार. परवलीचा जन्म तिथेच मांडायचा मोह होतो. पण फ्रेंच पहारेकऱ्याचा शब्द 'मो दॉर्द्र'. पारोल हा शब्द फ्रेंचांचा असला, तरी पहाऱ्याचा पारोल इंग्रजांचा.

फारसीचाही दावा तपासायला हवा, कारण पाथरी जुनं सरकार, म्हणजे सुभ्याचा विभाग. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यात त्याची नोंद आहे. त्याआधी, फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, निजामशाहीच्या मूळपुरुषाचं घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, आणि त्या वतनापायी बुऱ्हाण निजामशहा इमादशहाशी लढला. अशा गावाच्या वेशीवर रात्री फारसी अंमलदाराचा हुकूम चालला असणार. पण फारसीत पहाऱ्याच्या शब्दाला 'इस्म-ए-शब' म्हणतात, रात्रीचं नाव. काय देखणा शब्द आहे! त्यातून परवल मात्र निघत नाही.

राहिले इंग्रज, आणि माझा सगळ्यात भक्कम साक्षीदार त्यांच्याच छावणीत आहे. पहाऱ्यावरचा गोरा शिपाई अंधारात ओरडायचा, 'हू कम्स देअर?' देशी शिपायांच्या तोंडी त्याचं 'हुकुमदार' झालं. जिथे प्रश्न इंग्रजीतून आला, तिथे उत्तर पोर्तुगीजमधून कसं येईल? हुकुमदार आणि परवल एकाच रात्री, एकाच दारावर बोलले जाणारे शब्द आहेत. परोलची परवल होणंही कठीण नाही. लवणाचं लोण होतं, म्हणजे अव आणि ओ यांची ये-जा आपल्याकडे जुनीच. इथे ती उलट्या दिशेने झाली.

आणि आमच्या भागात तो शब्द कुठून शिरला? हैदराबाद कंटिन्जंटमधून, असं मी ठामपणे म्हणतो. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती (1 मे 1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होतं), दुसरी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत. 1903 मध्ये ही फौज इंग्रजी लष्करात विरघळली. तोवर पाथरीच्या दोन्ही अंगांना रोज संध्याकाळी नवा पॅरोल निघत होता. पुण्या-मुंबईकडे तो तिथल्या छावण्यांतून गेला असेल. शब्द एकाच वेशीतून यावा असा काही नियम नाही.

याच छावणीतली एक गोष्ट मराठीत येताना गळाली, आणि ती गळायला नको होती. इंग्रजी फौजेत शब्द दोन असायचे. काउंटरसाइन सगळ्या पहारेकऱ्यांना ठाऊक. पॅरोल फक्त अधिकाऱ्यांना, म्हणजे पहारेकऱ्यांवर पहारा ठेवणाऱ्यांना. आपण दोघांना मिळून परवल म्हणू लागलो. राउटरमध्ये मात्र ती जुनी जोडी जशीच्या तशी उभी आहे. वायफायचा शब्द हा काउंटरसाइन, तो ऑफिसातल्या पोरांना आणि एखाद्या पाहुण्यालाही ठाऊक असतो. पेटीच्या आतल्या मांडणीचा शब्द हा पॅरोल, तो एकाकडेच हवा. पुतण्याकडे दोन्ही सताड उघडे होते. 2016 मध्ये मिराई नावाच्या किड्याने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी घेऊन जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते नेमकं याच दारातून.

व्हीपीएन घडवणाऱ्यांनाही हुकुमदार आठवत होता. 1996 मध्ये पक्क्या झालेल्या एका ओळख-पद्धतीचं नावच चॅप. त्यातला च म्हणजे चॅलेंज, पहारेकऱ्याची हाक. एक पेटी आकडा फेकते, दुसरी त्यात गुप्त शब्द मिसळून उत्तर देते, आणि शब्द स्वतः तारेवरून कधी जात नाही. छावणीत तो कुजबुजावा लागायचा. इथे तेवढंही नाही.

तर निवड. पीपीटीपी ही जुनी व्हीपीएन पद्धत एवढीच येणारी पेटी मी बाजूला ठेवली. तिची हाक-उत्तराची पद्धत 2012 पर्यंत पूर्ण फुटली होती. आयपीसेक चालेल, पण वायरगार्ड असेल तर उत्तम. मार्च 2020 पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे, ओपनडब्ल्यूआरटीवर चालतो, मायक्रोटिकच्या राउटरओएस 7 मध्येही आहे. वाहत्या बोगद्यात तो साधारण दर दोन मिनिटांनी किल्ल्या नव्या करतो. इस्म-ए-शब रात्रीपुरतं होतं. हे दोन मिनिटांपुरतं.

खोक्यावरचा 'गिगाबिट' पाहून भुलू नये. तो साध्या वाहतुकीचा वेग असतो. बोगद्यातून जाताना प्रत्येक पाकीट कुलूपबंद करावं लागतं आणि छोट्या प्रोसेसरची तिथे दमछाक होते. व्हीपीएनचा वेग वेगळा छापलेला असतो, तोच वाचावा. आणि फर्मवेअरचे अपडेट कंपनी किती वर्षं देते, हे पैसे देण्याआधी विचारावं.

पाथरीत दोन अडचणी निघाल्या. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला निघाला. म्हणजे पुरवठादाराने अनेक गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेली, आणि बाहेरून पाथरीचं दार ठोठावताच येणार नाही. परभणीच्या ऑफिसला स्थिर पत्ता घेतला, आणि हाक देण्याचं काम पाथरीकडे सोपवलं. दुसरी अडचण अशी की दोन्ही ऑफिसांत घरचे पत्ते 192.168.1 पासूनच सुरू होत होते. 1996 पासून हे पत्ते कुणीही फुकट वापरावेत अशी मुभा आहे, म्हणून घरोघरी तेच. दोन गावांना एकच नाव असलं की टपाल कुठे जाणार? पाथरीचे पत्ते 192.168.40 वर नेले. वीज जाते म्हणून पेटीखाली 12 व्होल्टची छोटी बॅटरी ठेवली.

संध्याकाळी पुतण्याने पॅरोल स्वतः ठरवला. मी पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. मग त्याने बोगदा चालू केला, पाथरीच्या पेटीने हाक दिली, परभणीहून उत्तर आलं आणि पडद्यावर परभणीची खातेवही उघडली. "लागलं की काका," तो म्हणाला, आणि वायफायचा वेगळा शब्द एका चिठ्ठीवर लिहून त्याने बाहेरच्या खोलीतल्या पोरांना दिला.