हस्ताक्षरी फॉन्ट : नजाकत आणि मर्यादा

लग्नपत्रिका, शुभेच्छापत्र किंवा कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ यांवरील मजकूर छापील असूनही हाताने लिहिल्यासारखा वाटावा, यासाठी हस्ताक्षरी वळणाचे फॉन्ट वापरले जातात. देवनागरीतील ‘कलम’ हे त्याचे सहज मिळणारे उदाहरण होय. अहमदाबाद येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टाइप फाउंड्रीने हा फॉन्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. बारीक, मध्यम आणि ठळक अशा तीन जाड्यांत तो मिळतो. त्यात देवनागरीबरोबर रोमन अक्षरेही असून, मुक्त परवान्यामुळे तो विनामूल्य वापरता येतो.

वळणाचे वैशिष्ट्य

अनेक रोमन हस्ताक्षरी फॉन्टमध्ये एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला जोडलेली असते आणि त्या जोडणीतच त्याची लय असते. देवनागरीत अक्षरे जोडण्याचे काम शिरोरेषा करते. त्यामुळे येथे हाताचा स्पर्श दाखवावा लागतो तो अक्षरांचा कल, रेषेची कमीजास्त होणारी जाडी आणि गाठींचे वळण यांतून. ‘कलम’ची अक्षरे उजवीकडे झुकलेली आहेत आणि त्यांची टोके लेखणी टेकवून उचलल्यासारखी गोलसर आहेत.

मराठीसाठी पारख

फॉन्ट जितका नाजूक, तितकी मजकुराची जोखीम अधिक. बारीक छपाईत अनुस्वार उडाला की ‘कंबर’ची ‘कबर’ होते. ‘ख’चे दोन भाग सुटले की तो ‘रव’ वाचला जातो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर गुरुजन आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. म्हणून फॉन्ट निवडण्यापूर्वी त्यात ‘ऱ्य’, ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ आणि आपल्या मजकुरातील जोडाक्षरे लिहून पाहावीत. ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपेही तपासावीत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले आहेत. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये ती वेगळी दिसतात.

कोठे वापरावा, कोठे टाळावा

वधूवरांची नावे, समारंभाचे शीर्षक, मानपत्रातील गौरवाची ओळ किंवा छोटेसे अवतरण यांना हे वळण शोभते. पत्ता, तिथी, मुहूर्त आणि दूरध्वनी क्रमांक मात्र साध्या, उभ्या फॉन्टमध्येच द्यावेत. गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरे छापल्यास शाई पसरून ती बुजतात, तेव्हा तेथे मध्यम किंवा ठळक जाडी घ्यावी. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर आणि लांब परिच्छेदांतही बारीक अक्षरे डोळ्यांना थकवतात.

अखेरची कसोटी सोपी आहे. छपाईपूर्वी मजकुराची प्रत प्रत्यक्ष आकारात कागदावर काढावी आणि घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला वाचायला द्यावी. तिला नाव आणि वेळ अडखळल्याविना वाचता आली, तर निवड योग्य ठरली असे समजावे.